यंत्राला हुकूम देऊ या

एक तुकडा मोडला तर

बारामती आणि इंदापूर हे शेजारशेजारचे तालुके. नीरा डाव्या कालव्याचे पाणी दोन्हीकडे खेळते. पाणी आले म्हणून ऊस आला. ऊस आला म्हणून साखर कारखाने आले. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, वालचंदनगर ही नावे या भागात कोणाला ठाऊक नाहीत?

कारखान्यांच्या मागोमाग यंत्रे आली. आज बारामतीला मोठी औद्योगिक वसाहत आहे. आपण तिला एमआयडीसी म्हणतो. तिथे तीनचाकी गाड्या तयार होतात, पोलादाचे भाग घडवले जातात. शेतावर तरी काय कमी यंत्रे आहेत? विहिरीवर पंप आहे. गोठ्याजवळ कडबाकुट्टी आहे. दारात ट्रॅक्टर उभा आहे.

यंत्र आले म्हणजे ते कधीतरी मोडणारच. समजा, ऐन उन्हाळ्यात पंपाची एक पट्टी तुटली. वीतभर लांबीचा तो तुकडा. दुकानदार म्हणतो, "हा पंप जुना झाला. याचा भाग आता येत नाही. पुण्याला बघा." बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर. इंदापूरहून त्याहूनही लांब. एक दिवस जाण्यायेण्यात गेला. चार दिवस भाग तयार व्हायला लागले. तोवर उसाने मान टाकली.

नुकसान त्या तुकड्याच्या किमतीचे नाही. नुकसान गेलेल्या दिवसांचे आहे.

हा तुकडा आपल्याच गावच्या वर्कशॉपमध्ये, मापात, अचूक कापता आला तर? त्यासाठी लाखो रुपयांचे यंत्र लागते, असे आपण समजतो. पण काही कारागीर वेगळी वाट धरतात. ते हाताने चालणारे मिलिंग मशीन घेतात आणि त्याचेच हुकमाने चालणारे यंत्र करतात. ते कसे करतात, तेच आपण या पाठात पाहू.

मिलिंग मशीन म्हणजे काय?

लेथ मशीन बहुतेकांनी पाहिलेले असते. लेथवर लोखंडाचा तुकडा फिरतो आणि हत्यार जागेवर असते. पूर्वी कातारी लाकूड कातून पलंगाचे पाय करीत. त्याच जातीचे हे काम.

मिलिंग मशीनचे उलटे असते. इथे हत्यार फिरते आणि तुकडा त्याच्यापुढे सरकतो. फिरणाऱ्या हत्याराला कटर म्हणतात. कापायच्या तुकड्याला कामगार जॉब म्हणतात. जॉब एका सपाट टेबलावर शिकंज्यात घट्ट धरलेला असतो. टेबलाला हाताची चाके असतात. एक चाक फिरवले की टेबल डावीउजवीकडे सरकते. दुसरे फिरवले की मागेपुढे सरकते. तिसऱ्या चाकाने उंची कमीजास्त होते. कटर लोखंडाचा कीस काढत जातो. पाहिजे तिथे खाच पडते, भोक पडते, सपाटी येते.

चाक फिरवल्यावर टेबल कसे सरकते? चाकाच्या दांड्यावर आटे असतात. टेबलाखाली नट बसवलेला असतो. दांडा फिरला की नट पुढे सरकतो आणि नटाबरोबर टेबलही सरकते. दांड्याचा एक फेरा झाला की टेबल ठरावीक अंतर जाते. कुठे ४ मिलिमीटर, कुठे ५. चाकावर बारीक रेघा असतात. त्या वाचून कारागीर माप धरतो.

म्हणजे कारागिराचे काम काय? नकाशा वाचणे. चाक मोजून फिरवणे. रेघ पाहून थांबणे. हीच गोष्ट दिवसातून हजार वेळा करणे. हात थकतो. डोळा चुकतो. सकाळचा जॉब आणि संध्याकाळचा जॉब यांत फरक पडतो. तिरपी रेघ किंवा गोलाई कापायची तर दोन चाके एकदम, एका हिशेबात फिरवावी लागतात. ते भल्याभल्यांना जमत नाही.

मग हे चाक हाताऐवजी मोटारीने फिरवले तर? आणि किती फिरायचे, कधी थांबायचे, हे त्या मोटारीला आधीच लिहून दिले तर? तेच सीएनसी मशीन. सीएनसी म्हणजे संगणकाकडून आकड्यांनी चालवले जाणारे यंत्र. आपण त्याला हुकमी यंत्र म्हणू.

शेताच्या मापासारखेच

यंत्राला जागा कशी सांगायची? शेतकऱ्याला हे समजायला अजिबात अवघड नाही.

शेताच्या कोपऱ्यात हद्दीचा दगड असतो. गड्याला आपण काय सांगतो? "दगडापासून दहा पावले पूर्वेला जा. तिथून दहा पावले उत्तरेला जा. तिथे सहा हात खोल खड्डा घे." गडी बरोबर त्याच जागी खड्डा घेतो.

यंत्रालाही असेच सांगतात. जॉबचा एक कोपरा म्हणजे हद्दीचा दगड. त्याला शून्य म्हणतात. डावीउजवीकडच्या अंतराला एक्स म्हणतात. मागच्यापुढच्या अंतराला वाय म्हणतात. वरखालीला झेड म्हणतात. एवढी तीन अक्षरे कळली की निम्मे काम झाले.

आता एक उदाहरण घेऊ. १०० मिलिमीटर लांब आणि १०० मिलिमीटर रुंद अशी एक पत्र्याची पाटी आहे. ती ५ मिलिमीटर जाड आहे. तिच्या चारही कोपऱ्यांत, काठापासून १० मिलिमीटर आत, एकेक भोक पाडायचे आहे. पहिल्या भोकाचे हुकूम असे:

जी० झेड५
जी० एक्स१० वाय१०
जी१ झेड-६ एफ६०
जी० झेड५

हे हुकूम प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत लिहितात. आम्ही ते इथे आपल्या अक्षरांत दिले आहेत. आता अर्थ पाहा.

'जी०' म्हणजे जलद जा, काही कापू नको. 'जी१' म्हणजे बेताने, कापत जा. 'एफ' म्हणजे कापायचा वेग. एफ६० म्हणजे मिनिटाला ६० मिलिमीटर.

पहिली ओळ सांगते, "हत्यार पाटीच्या वर ५ मिलिमीटर उचल." दुसरी सांगते, "शून्यापासून दहा इकडे, दहा तिकडे जा." तिसरी सांगते, "पाटीच्या वरच्या अंगापासून ६ मिलिमीटर खाली हळूहळू उतर." पाटी ५ मिलिमीटर जाड, म्हणून भोक आरपार पडते. पाटीखाली लाकडाची फळी ठेवलेली असते, म्हणून टेबलाला इजा होत नाही. चौथी ओळ म्हणते, "आता वर ये."

पुढच्या भोकासाठी फक्त दुसरी ओळ बदलायची. तिथे एक्स९० वाय१० लिहायचे. मग एक्स९० वाय९०. मग एक्स१० वाय९०. झाली चार भोके! अशा पन्नास पाट्या करायच्या असल्या तरी हुकूम एकदाच लिहावा लागतो.

पाहा वाचकहो, इथे काय लागले? अक्षरे, आकडे आणि बेरीज-वजाबाकी. तुम्ही आज जे शिकत आहात, तेच. कागदावर लिहिता येते, त्याला यंत्राला सांगताही येते.

पहिले हुकमी यंत्र

कोणी म्हणेल, "हे सारे मोठ्या कंपन्यांचे खेळ. जुन्या मशीनला मोटारी लावून कुठे सीएनसी होते का?"

होते. जगातले पहिले असे यंत्र याच रीतीने झाले. ती हकीगत ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचे एक कारखानदार होते. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम त्यांच्याकडे असे. पात्याची गोलाई अवघड. हाताने माप धरता धरता कारागीर टेकीस येत. पार्सन्स यांनी विचार केला, गोलाईवरचे पुष्कळ बिंदू आधी गणिताने काढावेत आणि ते आकडे यंत्राला द्यावेत. हे काम पुढे मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या शिक्षणसंस्थेकडे गेले. तिथल्या लोकांनी नवे यंत्र घडवले नाही. त्यांनी बाजारात मिळणारे एक मोठे मिलिंग मशीन घेतले आणि त्याला मोटारी जोडल्या. कागदाच्या पट्टीवर भोके पाडून त्यांनी हुकूम लिहिले. १९५२ साली ते यंत्र लोकांना दाखवले. हुकूम वाचणारे कपाट तर मशीनपेक्षाही मोठे होते!

आज तेच काम तळहातावर मावेल एवढी पाटी करते. आर्डुइनो नावाची अशी एक पाटी २००५ साली इटलीत निघाली. ती विद्यार्थ्यांसाठी, स्वस्तात मिळावी म्हणून केलेली होती. २००९ साली तिच्यासाठी जीआरबीएल नावाची आज्ञावली निघाली. ती वर दिलेले हुकूम वाचते आणि मोटारी फिरवते. ती फुकट मिळते. म्हणून तर घरच्या घरी असे यंत्र करणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

आपल्या भागातला दाखला

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरकडे पाहा. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरला झाला. १९५३ साली ते वारले. जहाजे, विमाने, मोटारगाड्या अशा अनेक उद्योगांत त्यांनी हात घातला. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी कळंबच्या माळावर ऊस लावला आणि साखर कारखाना काढला. त्यावरून गावाला वालचंदनगर हे नाव पडले.

साखर कारखाना म्हटला की वर्कशॉप आलेच. गाळप चालू असताना रूळ अडला, तर ऊस वाळून जातो. तिथे फिटर हवा, टर्नर हवा, ओतारी हवा. पुढे याच गावात दुसऱ्या साखर कारखान्यांसाठी यंत्रे तयार होऊ लागली. त्यानंतर अणुवीज केंद्रांचे भाग झाले. आपल्या देशाची रॉकेटे आकाशात जातात, त्यांच्या मोटारींची पोलादी आवरणेही इथे झाली. नांगर आणि मोट यांच्या मुलखातून ही कामे गेली आहेत!

यातून काय घ्यावे? मोठे यंत्र आकाशातून पडत नाही. साध्या यंत्रावर चांगले यंत्र घडते, चांगल्यावर त्याहून चांगले घडते. इंग्लंडमध्ये १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले नावाच्या कारागिराने अचूक आटे पाडणारा लेथ केला. त्या लेथवर अचूक दांडे झाले आणि त्या दांड्यांवर पुढची यंत्रे झाली. गाईला वासरू होते, तशी यंत्राला यंत्रे होतात. फरक इतकाच की इथे वासरू गाईपेक्षा सरस निपजते. मात्र मधे कारागिराचा हात लागतो.

यंत्र कसे बांधतात?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कामाचा क्रम आम्ही सांगतो. तो समजून घ्या. हे काम जाणत्या फिटरला बरोबर घेऊनच करावे.

पहिली पायरी : अंग तपासणे. आधी जुने मशीन पारखून घ्यावे. बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. तसेच इथे. रंगावर जाऊ नये. टेबल ज्या बिडाच्या पट्ट्यांवरून सरकते, त्या पट्ट्या पाहाव्यात. त्या मधेच झिजलेल्या असतात, कारण काम बहुधा मधेच होते. टेबल एका टोकाला घट्ट आणि मधे ढिले चालत असेल, तर झीज आहे असे समजावे. मग पट्टीला पातळ निळा रंग लावून टेबल घासतात. जिथे रंग पुसला जातो तो उंचवटा. तो हातानेच थोडाथोडा खरवडून काढतात. या कामाला दिवस लागतात. पण ते टाळून चालत नाही. अंगच वाकडे असेल, तर संगणक काय करणार? वाकड्या पायावर कितीही चांगला गवंडी आणला तरी भिंत तिरपीच.

दुसरी पायरी : आधी नवे भाग कापून घेणे. ही मोठी शहाणपणाची गोष्ट आहे. मोटारी बसवायला जाड पट्ट्या लागतात. बेअरिंग धरायला घरे लागतात. मोटार आणि दांडा जोडायला जोड लागतात. हे सारे भाग त्याच मशीनवर, हाताने चाके फिरवून, आधी कापून घ्यावेत. मशीन खोलून ठेवले आणि मग लक्षात आले की एक पट्टी राहिली, तर ती कशावर कापणार? नवे छप्पर तयार झाल्याशिवाय जुने कौल उतरवू नये.

तिसरी पायरी : ढील काढणे. मोट चालताना तुम्ही किंवा तुमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. नाडा सैल असला की बैल चालू लागतात, तरी मोट हलत नाही. आधी नाडा ताठ होतो, मग मोट उचलते. जुन्या दांड्यात आणि नटात अशीच ढील असते. चाक उलटे फिरवले की थोडा वेळ टेबल जागचे हलतच नाही. कामगार याला बॅकलॅश म्हणतात. हाताने काम करणारा कारागीर ही ढील ओळखून असतो. तो चाक जरा जास्त मागे नेतो आणि पुन्हा पुढे आणतो. यंत्राला ही अक्कल नाही. त्याला सांगितले दहा, की ते दहा फिरले असे धरते. मग गोल कापायला सांगितला, तर तो गोल राहत नाही. जिथे टेबलाची दिशा पालटते, तिथे ठसा उमटतो. म्हणून जुना दांडा काढून बॉल स्क्रू घालतात. त्यात दांडा आणि नट यांच्यामध्ये पोलादाच्या बारीक गोळ्या असतात. त्यामुळे ढील जवळजवळ राहत नाही आणि दांडा हलका फिरतो.

चौथी पायरी : मोटारी बसवणे. इथे पंपाची मोटार चालत नाही. पंपाची मोटार सुरू केली की फिरतच राहते. इथे पावलापावलाने फिरणारी मोटार लागते. तिला स्टेपर मोटार म्हणतात. तिचा एक फेरा बहुधा २०० पावलांचा असतो. दांड्याच्या एका फेऱ्यात टेबल ५ मिलिमीटर सरकते असे धरू. म्हणजे २०० पावलांत ५ मिलिमीटर, आणि एका मिलिमीटरला ४० पावले. एका पावलात टेबल मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढे सरकते. आपल्या डोक्याचा केससुद्धा त्याहून जाड असतो!

मोटार आणि दांडा एका रेषेत यायला हवेत. जरा तिरके बसले तर दांडा जड फिरतो, मोटार पावले चुकते आणि बेअरिंग लवकर जाते. म्हणून इथे गुण्या आणि डायल गेज यांनी नीट पाहून बोल्ट आवळावेत.

पाचवी पायरी : वीज आणि तारा. मोटारींना वीज देणारा पुरवठा, पावले देणारे ड्रायव्हर आणि हुकूम वाचणारी पाटी हे सारे एका बंद पेटीत ठेवावे. लोखंडाचा कीस तारांवर पडला की ठिणगी उडते. पेटीला आणि मशीनच्या अंगाला अर्थिंग हवेच. टेबलाच्या दोन्ही टोकांना लहान स्विच बसवतात. टेबल शेवटाला गेले की स्विच दाबला जातो आणि मोटार थांबते. आणि हाताशी, सहज पोचेल अशा जागी, मोठे लाल बटण बसवावे. ते दाबले की सारे बंद. हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

सहावी पायरी : तालीम. पहिल्याच दिवशी लोखंडाला हात घालू नये. आधी कटर न लावता हुकूम चालवून पाहावेत. मग कटरच्या जागी पेन्सिल बांधून कागदावर चित्र काढून पाहावे. मग लाकूड, मग ॲल्युमिनियम. शेवटी लोखंड.

सातवी पायरी : माप जुळवणे. यंत्राला १०० मिलिमीटर जा म्हणावे आणि खरे किती गेले ते मोजावे. समजा, ९९.५ मिलिमीटरच गेले. मग आधी काही ढिले राहिले आहे का, ते पाहावे. सारे घट्ट असूनही प्रत्येक वेळी तेवढेच कमी येत असेल, तर हिशेब दुरुस्त करावा. मिलिमीटरला ४० पावलांच्या जागी ४०.२ धरावीत. पुन्हा मोजावे. एका मोजणीवर विश्वास ठेवू नये.

काय होईल, काय होणार नाही

असे घरगुती यंत्र ॲल्युमिनियम, पितळ, प्लॅस्टिक आणि लाकूड चांगले कापते. लोखंड आणि साधे पोलादही कापते, पण बेताबेताने, थोडाथोडा कीस काढून. पंपाच्या पट्ट्या, जोड, झाकणे, नावाच्या पाट्या, लाकडावरची नक्षी, साचे अशी कामे त्यावर होतात. साखर कारखान्याच्या रुळाचे काम त्यावर होणार नाही. त्याला मोठी आणि वजनदार यंत्रेच हवीत. आपल्या यंत्राची ताकद ओळखून काम घ्यावे.

जपून राहा

फिरता कटर माणूस आणि लोखंड यांत फरक करीत नाही. हाताने चालवायच्या मशीनवर चाक आपल्या हातात असते. हुकमी यंत्र मात्र आपण पाहत नसलो तरी चालत राहते. म्हणून जास्त जपावे लागते.

सैल बाही, उपरणे, धोतराचा सोगा, साडीचा पदर, मोकळे केस यांतले काहीही यंत्राजवळ नको. अंगठी आणि मनगटातला दोरा काढून ठेवावा. कटर फिरत असताना हातमोजे घालू नयेत. मोजा अडकला की हात ओढला जातो. डोळ्यांवर चष्मा हवा. कीस हाताने काढू नये. यंत्र बंद करून ब्रशने काढावा.

आणखी एक गोष्ट आपल्या खेड्यांत महत्त्वाची आहे. वीज मधेच जाते. वीज गेली की साध्या यंत्राला आपण कुठे होतो, याची आठवण राहत नाही. म्हणून वीज येताच काम तसेच पुढे चालू करू नये. हत्यार हाताने वर घ्यावे, हद्दीचा दगड, म्हणजे शून्य, पुन्हा धरावे आणि मग चालू करावे. वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू होणार नाही, अशी सोयही करून घ्यावी.

कारागिराचे काय होईल?

हा प्रश्न आम्हाला पुष्कळ जण विचारतात. "अहो, यंत्रच सारे करू लागले, तर टर्नर-फिटरने काय करायचे? घरी बसायचे का?"

प्रश्न खरा आहे. तो उडवून लावण्यात अर्थ नाही. एकच माप दिवसभर कापायचे, त्या कामाला पूर्वी तीन हात लागत असतील, तर आता एक पुरतो. ज्याला फक्त चाक फिरवणे येते, त्याचे काम कमी होणार. हे आम्ही लपवून ठेवणार नाही.

पण यंत्राला काय येत नाही, तेही पाहा. जॉब शिकंज्यात कसा धरावा, हे त्याला कळत नाही. कटर बोथट झाला की आवाज बदलतो. जुना कारागीर पाठमोरा उभा असला तरी तो आवाज ओळखतो. यंत्राला तो कान नाही. घरगुती यंत्राला चुकीचा हुकूम दिला, तर ते तो इमानेइतबारे पाळते आणि जॉबच काय, स्वतःचे टेबलही कापते. पंपाचा तुटलेला तुकडा पाहून "हा इथेच का तुटला? इथे जरा जाडी वाढवू," असे म्हणणारा माणूसच लागतो.

म्हणजे हाताचे ज्ञान वाया जात नाही. त्याला अक्षराची आणि आकड्याची जोड द्यावी लागते. ज्याच्या हाताला वीस वर्षांचा सराव आहे, पण आकडे लिहिता येत नाहीत, तो मागे पडेल. ज्याला संगणक येतो, पण कानस कधी धरली नाही, तोही जॉब बिघडवील. दोघे एका बाकावर बसले तर काम फत्ते. बाप फिटर आणि मुलगी शिकलेली, अशी घरे आता गावोगाव आहेत. त्या मुलीने हुकूम लिहावा आणि बापाने जॉब बांधावा. यात कमीपणा कोणालाच नाही.

सुरुवात कोठून करावी?

एकदम कर्ज काढून यंत्र घेऊ नये. आधी शिकावे. बारामती आणि इंदापूर या दोन्ही ठिकाणी सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. आपण तिला आयटीआय म्हणतो. अशा संस्थांत फिटर, टर्नर, मशिनिस्ट असे धंदे शिकवतात. आपल्या मुलामुलींना तिथे पाठवावे. आपणही चौकशी करावी.

मग काम कोण देईल, याचा अंदाज घ्यावा. पंप दुरुस्त करणारे, दूध डेअरीवाले, अवजारे करणारे लोहार यांना विचारावे, "कोणता भाग तुम्हाला वेळेवर मिळत नाही?" त्यांच्या उत्तरात आपला धंदा असतो. काम हाताशी नसताना घेतलेले यंत्र दावणीला उभ्या राहिलेल्या भाकड जनावरासारखे. त्याला रोज वैरण घालावी लागते.

एकट्याला झेपत नसेल तर चौघांनी मिळून करावे. या भागाला हे सांगायला नको. माळेगावचा, सोमेश्वरचा, भवानीनगरचा छत्रपती कारखाना हे सारे शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून, सहकारातून उभे केले. जिथे एवढा मोठा साखर कारखाना एकजुटीने उभा राहतो, तिथे एक मिलिंग मशीन चार कारागिरांना जड नाही. हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून वहीत लिहावा. कोणी किती पैसे घातले, कोणी किती तास काम केले, किती मिळाले, हे सारे लिहून ठेवावे. तोंडी हिशेबाने मैत्री तुटते.

यंत्र आपले मालक नाही आणि देवही नाही. ते एक गडी आहे. त्याला नीट सांगता आले, तर ते नीट राबते. नीट सांगायला नीट लिहावे लागते, आणि लिहायला तर आपण शिकतोच आहोत.

विचार करा आणि सांगा

१. लेथ आणि मिलिंग मशीन यांत काय फरक आहे?
२. नवे भाग आधी कापून घ्यावेत आणि मशीन मग खोलावे, असे का?
३. दांड्याच्या एका फेऱ्यात टेबल ४ मिलिमीटर सरकते आणि मोटारीचा एक फेरा २०० पावलांचा आहे. तर एका मिलिमीटरला किती पावले?
४. वीज जाऊन परत आली, तर यंत्र सुरू करण्याआधी काय करावे?
५. तुमच्या गावात कोणत्या यंत्राचा कोणता भाग वारंवार मोडतो? तो मिळायला किती दिवस लागतात? वर्गात चर्चा करा आणि वहीत लिहा.